आमची वाटचाल : डिझेल पंपाच्या टेस्ट बेंचपासून पेट्रोल इंजेक्टरपर्यंत

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमचे वर्कशॉप वडिलांनी सुरू केले ते डिझेल पंप आणि नोझल यांच्या कामासाठी. ट्रॅक्टर, जीप आणि ऊस वाहणारे ट्रक यांचे मायको कंपनीचे पंप बेंचवर चढवायचे, प्रत्येक एलिमेंटचे (एका सिलिंडरला डिझेल पुरवणाऱ्या भागाचे) डिझेल वेगळ्या काचनळीत घ्यायचे आणि सर्व नळ्यांतील पातळी सारखी आल्याशिवाय पंप गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, ही त्यांची शिस्त होती. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या इंजेक्टरांचे, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागांचे, आमचे आजचे काम त्याच शिस्तीवर उभे आहे.

१९९५ मध्ये आलेली सिएलो आणि १९९८ मधील सँट्रो या गाड्यांबरोबर एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देण्याची पद्धत) हा शब्द सांगली-मिरजेच्या गॅरेजांत रुळला. या गाड्यांचे खरे काम आमच्याकडे आले ते त्या जुन्या झाल्यावर. वर्षानुवर्षे शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल आटून त्याचा चिकट थर इंजेक्टरच्या तोंडाशी बसतो. २०१९ च्या महापुरानंतर तर टाकीत आणि फ्युएल लाइनमध्ये पाणी शिरून गंजलेल्या गाड्याही येऊ लागल्या.

अशा गाडीत एक इंजेक्टर बंद निघाला की भंगार बाजारातून तसाच दिसणारा एक आणून बसवण्याची पद्धत सर्रास आहे. आमचा तिला ठाम विरोध आहे. समजा, तीन इंजेक्टर मिनिटाला २०० मिलिलिटर पेट्रोल देतात आणि चौथा १८० देतो. चारही सिलिंडरांचा धूर एकाच ऑक्सिजन सेन्सरवरून जात असल्यामुळे ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) फक्त सरासरी कळते आणि तो ती सरासरी बरोबर करतो. परिणामी तीन सिलिंडर सुमारे अडीच टक्के रिच (पेट्रोल जास्त) चालतात आणि चौथा जवळजवळ आठ टक्के लीन (पेट्रोल कमी) राहतो. स्कॅनरवर एकही दोष दिसत नाही, पण चढावर, भार पडल्यावर तोच सिलिंडर नॉक करू लागतो (आत इंधन अवेळी पेटून ठोके पडतात) आणि पुढे व्हॉल्व्ह जळण्याची वेळ येते. म्हणूनच आम्ही सुटा इंजेक्टर तपासत नाही. पूर्ण संच आणि शक्य असेल तर रेलही (इंजेक्टरांना पेट्रोल पोहोचवणारी नळी) मागून घेतो.

पहिली तपासणी इंजेक्टर उघडणाऱ्या विद्युत कॉइलच्या रोधाची असते. बहुतेक गाड्यांत तो १२ ते १६ ओहम असतो, परंतु काही जुन्या गाड्यांत २ ते ३ ओहमचे इंजेक्टर वेगळ्या रेझिस्टरसह वापरलेले असतात. हे इंजेक्टर १२ ओहमच्या गाडीत बसवले तर ईसीयूमधील ड्रायव्हर (इंजेक्टर चालवणारे सर्किट) जळू शकतो. त्यानंतर अल्ट्रासॉनिक टाकीत सफाई करून, आतील जाळी आणि ओ-रिंग बदलून संच बेंचवर चढतो. दाब सर्वांना एकच, सहसा ३ बार, ठेवावा लागतो. कारण तो अडीच बारवर उतरला तरी प्रवाह सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो आणि दोन वेगळ्या दिवशी घेतलेल्या मापांची तुलना निरर्थक ठरते.

सतत उघड्या ठेवलेल्या इंजेक्टरांचे माप जुळले म्हणजे काम झाले, असे पुष्कळ जण मानतात. आयडलिंगला (गाडी उभी असून इंजिन चालू असताना) मात्र इंजेक्टर दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो आणि तेवढ्या वेळात सुई उचलायला एखाद्याला जरा जास्त अवधी लागला, तर एरवी अगदी जुळणाऱ्या संचातही गाडी मिसिंग करते. त्यामुळे आम्ही छोट्या पल्सवरचे माप वेगळे घेतो, फवाऱ्याचा आकार पाहतो आणि दाब ठेवून थेंब गळतो का तेही तपासतो. फरक दोन टक्क्यांच्या आत आला तरच तो संच आम्ही जुळलेला मानतो.

मूळ नंबरचे इंजेक्टर मिळत नसलेल्या गाड्यांसाठी आम्ही एकाच नंबरचे वापरलेले इंजेक्टर जमवून, मापे लिहून जपून ठेवतो आणि त्यांतून चार जवळचे निवडतो. आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सगळीकडे मिळू लागल्यापासून ओ-रिंग आम्ही फक्त व्हायटनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) वापरतो आणि रेलपर्यंतचा जुना रबरी पाइप बदलल्याशिवाय संच गाडीत बसवत नाही. प्रत्येक संचाबरोबर चारही इंजेक्टरांचे सफाईआधीचे आणि नंतरचे माप लिहिलेला कागद गिऱ्हाइकाला दिला जातो, म्हणजे पुढे गाडी कोणत्याही गॅरेजला गेली तरी तिथल्या मिस्त्रीला ते आकडे हाताशी असतात.