तेहरानची चित्रे मुंबईत पोहोचली, मानधन मात्र बँकेत अडकले

इराणमधील आजच्या कलावंतांचे प्रदर्शन भारतात भरवू इच्छिणाऱ्याने संकल्पनेचे टिपण लिहायला घेण्यापूर्वीच एक गोष्ट नक्की करावी, असे मी आता भेटेल त्याला सांगते: कलावंताचे मानधन त्याच्या हाती कोणत्या मार्गाने पोहोचणार आहे. मुंबईतील एका विश्वस्त संस्थेच्या कलादालनासाठी क्युरेटर म्हणून मी असे एक प्रदर्शन 2024 च्या अखेरीस उभे केले. त्यात तेहरान आणि इस्फहान येथे राहणारे कलावंत होते, तसेच बर्लिन आणि टोरोंटो येथे स्थायिक झालेलेही होते. निवड, वाहतूक, मांडणी, उद्घाटन हे सारे पार पडले आणि त्यांबद्दल तक्रार करावी असे माझ्याकडे फारसे काही नाही. माझा राग बँकेच्या एका विभागावर आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

निवडीबद्दल थोडे सांगते, कारण पुढचा सगळा वाद तिच्याशी जोडलेला आहे. फेब्रुवारी 2024 पासून भारतीय पर्यटकांना इराणमध्ये काही दिवस व्हिसाशिवाय राहता येऊ लागले होते (ती सवलत नोव्हेंबर 2025 मध्ये थांबवण्यात आली), त्यामुळे नवरोजची सुटी संपताच मी तेहरानला गेले. तेथील खासगी कलादालनांची उद्घाटने शुक्रवारी होतात, आणि एका शुक्रवारी संध्याकाळी चार-पाच दालने पायी फिरून शहरातील कलाविश्वाची जी ओळख होते, ती महिनाभराच्या पत्रव्यवहाराने होत नाही. कामरान दीबा यांनी बांधलेले आणि 1977 मध्ये उघडलेले समकालीन कला संग्रहालय मी पुन्हा पाहिले. 1960 च्या दशकात परविझ तनावोली आणि चार्ल्स हुसेन झेंदेरुदी यांच्या पिढीने कुलपे, ताईत, जंतर आणि लोकांच्या नवसाच्या वस्तूंमधून जी आधुनिक भाषा घडवली, तिला ‘सक्काखाने’ म्हणतात. आजचे तरुण कलावंत त्या वारशाशी कसे भांडतात, हा माझ्या प्रदर्शनाचा विषय होता. आमच्या प्रसिद्धी विभागाला भित्तिपत्रकावर बुरखा घेतलेल्या स्त्रीचे छायाचित्र हवे होते. मी ते होऊ दिले नाही, आणि हा निर्णय मला आजही पूर्णपणे योग्य वाटतो. इराणबाहेर भरणाऱ्या प्रदर्शनांनी हीच एक प्रतिमा इतकी वापरली आहे, की तेहरानमधील चित्रकारांना परदेशी क्युरेटर भेटीला आला की तो काय मागणार हे आधीच ठाऊक असते. मुंबईच्या प्रेक्षकाला तिची गरजही नव्हती. मोनीर शाहरूदी फरमानफरमाइयान यांच्या आरसेकामावरील माहितीफलकापुढे लोक थांबत आणि आपण पाहिलेल्या शीशमहालांविषयी बोलू लागत. शिराझच्या शाह चेराग दर्ग्यातील आरशांपासून या कलावतीची वाट सुरू झाली, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

आता बँकेकडे येते.

संस्थेचे खाते मुंबईतील एका मोठ्या बँकेत आहे आणि परदेशी व्याख्यात्यांना मानधन पाठवण्याचा तिचा अनुभव जुना आहे. परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 अर्ज, करासंबंधीचे सनदी लेखापालाचे 15सीबी प्रमाणपत्र आणि त्यावर आधारित 15सीए ही तेव्हाची कागदपत्रे आमचे हिशेबनीस डोळे मिटून भरत. तेहरानला थेट पैसे जाणार नाहीत याची मला कल्पना होती, कारण अमेरिकेने निर्बंध पुन्हा लादल्यानंतर 2018 च्या नोव्हेंबरमध्ये इराणच्या अनेक बँका स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून तोडल्या गेल्या. त्यामुळे आम्ही सुरुवात सर्वांत सोप्या मानधनाने केली. ही चित्रकर्ती शिराझची, परंतु अनेक वर्षे बर्लिनमध्ये राहणारी, जर्मन पारपत्र असलेली आणि बर्लिनच्याच बँकेत खाते असलेली. रक्कम युरोमध्ये होती आणि मोठीही नव्हती.

ते पैसे गेले नाहीत. नकारही आला नाही. शाखेतून दर वेळी एकच उत्तर मिळे: ‘कंप्लायन्सकडे आहे.’ कंप्लायन्स म्हणजे व्यवहार नियमांत बसतो का हे तपासणारा विभाग; त्याच्याशी ग्राहकाला बोलता येत नाही, तिथल्या अधिकाऱ्याचे नाव सांगितले जात नाही, आणि शाखा व्यवस्थापकालाही आतील टिपणी दिसत नाही. त्या अधिकाऱ्यांनी आमच्याकडे एकेक कागद मागितला, पण सगळे कागद एकदम कधीच मागितले नाहीत. आधी करारपत्र, मग पारपत्राची प्रत, मग निवासाचा दाखला, मग प्रदर्शनाची माहितीपुस्तिका, आणि ती दिल्यावर त्यातील इतर कलावंतांची यादी आणि प्रत्येकाचा पत्ता. शेवटी एका सहृदय कर्मचाऱ्याने मला मूळ कारण सांगितले. बीजकावर प्रदर्शनाचे नाव छापलेले होते, त्यात ‘इराणी’ हा शब्द होता आणि बँकेच्या तपासणीच्या संगणकप्रणालीने तेवढ्या एका शब्दावर व्यवहार थांबवला होता.

त्याच सुमारास एका अनुभवी कलाव्यापाऱ्याने मला सल्ला दिला, की तो शब्द गाळून नवे बीजक मागवा. मी तो मानला नाही आणि कोणीही मानू नये. तपासणी सुरू झाल्यानंतर माहिती गाळलेले दुसरे बीजक सादर केले, तर बँकेला ते लपवाछपवीसारखे दिसते आणि संस्थेचे खातेच धोक्यात येते. शिवाय ज्या कलावंताची ओळख आपण भिंतीवर ठळकपणे मांडणार आहोत, तिची तीच ओळख कागदावरून पुसायला सांगणे मला शक्य नव्हते. हे मी विश्वस्तांच्या बैठकीतही याच शब्दांत सांगितले.

मग मी नियम वाचायला बसले, आणि हे काम वकिलाच्या भरवशावर न ठेवता क्युरेटरने स्वतः करावे असे मला वाटते. ज्या अमेरिकी निर्बंधांच्या धास्तीने बँका हात आखडतात, त्याच अमेरिकेच्या कायद्यात 1988 च्या बर्मन दुरुस्तीने पुस्तके, चित्रपट, छायाचित्रे आदी माहितीपर साहित्याला निर्बंधांतून वगळले आणि 1994 च्या सुधारणेने त्या यादीत कलाकृतींचाही स्पष्ट समावेश केला. म्हणूनच 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीत आधुनिक इराणी कलेचे मोठे प्रदर्शन भरू शकले, आणि म्हणूनच झेंदेरुदी यांचे 1962 सालचे काम न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 2017 मध्ये, इराणसह काही देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी आली तेव्हा, मुद्दाम दालनात लावले गेले. मात्र या सवलतीला एक मर्यादा आहे आणि ती आमच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली: सवलत आधीच पूर्ण झालेल्या कामाला आहे, नव्याने करवून घेतल्या जाणाऱ्या कामाला नाही. इराणमध्ये राहणाऱ्या कलावंताकडून मुंबईसाठी नवे चित्र करवून घेणे आणि त्याने पूर्वीच केलेले चित्र मागवणे यांत बँकेच्या नजरेत मोठा फरक पडू शकतो. त्यामुळे करारात प्रत्येक कामाचे साल लिहावे, आणि कोणते मानधन कोणत्या कामासाठी आहे हे वेगळे दाखवावे. बर्लिनच्या चित्रकर्तीला ही मर्यादा लागू होत नव्हती, कारण ती इराणमध्ये राहत नव्हती. पण हे बँकेला लेखी सांगितल्याशिवाय त्यांच्याकडे कोणी तो विचार करणार नव्हते.

मी बँकेला सविस्तर पत्र लिहिले. त्यात वरील मुद्दे होते, भारत अमेरिकेच्या एकतर्फी निर्बंधांना कायद्याने बांधील नाही हा मुद्दा होता, सर्व कागदपत्रांची अनुक्रमे यादी होती आणि शेवटी एकच मागणी होती: नकार असेल तर तो कारणासह लेखी द्यावा. पत्र शाखेत देऊन पोच घेतली आणि तेच बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तक्रार म्हणून पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर लोकपालाकडे जाता येत असे. ती मुदत संपण्याआधी बर्लिनचे पैसे सुटले. टोरोंटोचेही त्यापाठोपाठ गेले. कोणाचीही दिलगिरी आली नाही, उशिराचे कारणही कधी कागदावर आले नाही, परंतु बर्लिनहून ‘मिळाले’ असा निरोप आला त्या दिवशी मला प्रदर्शनाच्या उद्घाटनापेक्षा अधिक समाधान वाटले, हे मी मोकळेपणाने सांगते.

एक सावधगिरी येथेच नोंदवते. हे सगळे 2024 मधले आहे. सप्टेंबर 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंधही इराणवर पुन्हा लागू झाले, आणि ते भारताला बंधनकारक असतात. त्यामुळे माझे पत्र जसेच्या तसे उतरवून कोणी वापरू नये. त्या वेळची स्थिती तपासून नवे लिहावे.

तेहरानच्या कलावंतांसाठी बँकेचा मार्ग उघडलाच नाही. भारत आणि इराण यांच्यातील तेलव्यवहारासाठी 2012 पासून रुपयांत पैसे चुकते करण्याची व्यवस्था होती, पण 2019 च्या मे महिन्यानंतर भारताने तेल घेणे थांबवले आणि त्या व्यवस्थेतील पैसाही आटत गेला. एका चित्रकाराचे मानधन तेथून जावे यासाठी खटपट करायला आमची बँक तयार नव्हती. आम्ही करार बदलले. कलावंतांनी मुंबईत यावे, त्यांचा विमानप्रवास, निवास आणि जेवणखाण यांचा खर्च संस्थेने परस्पर करावा, आणि मानधन येथे रुपयांत, तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम 195 प्रमाणे कर कापून द्यावे, असे ठरले. मानधन स्वीकारता येईल अशाच प्रकारचा व्हिसा मिळावा म्हणून निमंत्रणपत्रात मानधनाचा उल्लेख स्पष्टपणे केला. पाहुण्याच्या सोयीसाठी हा उल्लेख गाळण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, पण अडचण पुढे पाहुण्यालाच सोसावी लागते.

आठवले म्हणून विम्याचेही सांगते, कारण तेथेही ‘इराण’ हाच शब्द आडवा येतो. प्रदर्शनाचा विमा ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’ असतो, म्हणजे कलावंताच्या भिंतीवरून चित्र उतरल्यापासून ते परत त्याच भिंतीवर लागेपर्यंत. बहुतेक पॉलिसींमध्ये मात्र निर्बंधांविषयीचे एक कलम असते आणि त्यामुळे इराणमधील प्रवासाचा टप्पा विम्याबाहेर राहू शकतो. ते कलम सही करण्यापूर्वी वाचून कलावंताला त्याच्या भाषेत समजावून सांगावे. आमच्याकडील दोघांनी हे ऐकल्यावर मूळ चित्रांऐवजी छायाचित्रे आणि चलचित्रे देण्याचे ठरवले. त्यांच्या छापील प्रती आम्ही मुंबईत काढल्या आणि प्रदर्शनानंतर कलावंतांसमोर दूरचित्रसंवादावर नष्ट केल्या. कागदावरची जी मूळ कामे आली, ती तात्पुरत्या आयातीच्या कार्नेटवर, म्हणजे माल परत नेण्याच्या अटीवर शुल्क माफ करणाऱ्या कागदावर, आली. सीमाशुल्क दलाल अनुभवी असल्यामुळे त्या बाबतीत मला काहीच करावे लागले नाही.

इराणमधील परवानगीची वेळ मात्र मोजूनमापून ठेवावी. कलाकृती देशाबाहेर नेण्यासाठी तेथील सांस्कृतिक खात्याची मंजुरी लागते आणि ती गृहीत धरणे किती महागात पडते, हे बर्लिनने 2016 मध्ये पाहिले आहे. तेहरानच्या संग्रहालयातील कामांचे जाहीर झालेले प्रदर्शन निर्यातीची परवानगी न आल्यामुळे तेथे रद्द करावे लागले. तेथील कागदांवर शम्सी, म्हणजे इराणी सौर, पंचांगाची तारीख असते, त्यामुळे 1403 सालचा दाखला आणि 2024 चे बीजक यांची सांगड घालणारा एक तक्ता सोबत जोडावा. कामाच्या दिवसांचा मेळही तोकडा आहे. गुरुवारी आणि शुक्रवारी तेहरानची सरकारी कार्यालये बंद असतात, शनिवार-रविवारी आपल्या बँका आणि संस्था सुस्त असतात, त्यामुळे खरे तर सोमवार ते बुधवार एवढाच काळ दोन्ही बाजू टेबलावर सापडतात. 2022 च्या आंदोलनानंतर तेथे व्हॉट्सॲपवर बंदी होती आणि ती 2024 च्या डिसेंबरपर्यंत टिकली. संवाद फिल्टर ओलांडणाऱ्या साधनांवर चाले आणि मध्येच तुटे, म्हणून महत्त्वाचे प्रत्येक संभाषण मी त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवत असे.

इस्फहानच्या चित्रकाराला घरातील आजारपणामुळे मुंबईला येता आले नाही. त्याची चित्रे आली, पूर्ण काळ भिंतीवर राहिली, आणि वृत्तपत्रांतील परीक्षणांत सर्वाधिक लिहिले गेले तेही त्यांच्याबद्दलच. त्याचे मानधन आजही संस्थेच्या ताळेबंदात ‘देणे’ या सदरात उभे आहे. लेखापरीक्षकांनी ती रक्कम निर्लेखित करण्याची सूचना केली होती, मी तिला लेखी विरोध केला आणि विश्वस्तांनी माझे म्हणणे मान्य केले. बँकेला पुन्हा पत्र गेले आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे, आणि उत्तराची 30 दिवसांची मुदत सध्या चालू आहे.