खिडकीपाशी

आज आमच्या केमिस्ट्री लॅबमध्ये फ्यूम हूड, म्हणजे विषारी धूर पंख्यानं खेचून घेणारं काचेचं कपाट, सुरू झाला. काकांनी काचेच्या कडेला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवली, पंखा लावला, आणि पट्टी सरळ आत ओढली गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मलाही आनंद झाला, खरंच झाला. मग एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, आधी हे सगळं कुठे करायचे?"

"खिडकीपाशी."

ती "बरं" म्हणाली आणि कामाला लागली. मी मात्र दिवसभर त्या शब्दापाशीच.

22 वर्षं मी मुलांना खिडकीपाशी पाठवलं. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये, म्हणजे क्षारात काय आहे ते ओळखताना, धातूंचा दुसरा ग्रुप आला की किपच्या उपकरणात, वायू तयार करायच्या काचेच्या भांड्यात, फेरस सल्फाइडवर ॲसिड, त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू, आणि टेस्ट ट्यूब धरून पोरं रांगेत. कॅडमियमचा पिवळाधमक प्रेसिपिटेट, म्हणजे साका, दिसला की "मॅडम, आला!" खिडकी पश्चिमेची. दुपारी समुद्राचा वारा सुटला की बाहेर घालवलेला वास तसाच आत. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी म्हणत राहिले, खिडकीपाशी जा.

हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेला की नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही. दरवर्षी फळ्यावर लिहायचे, वायवाला, तोंडी परीक्षेला, हमखास विचारायचे.

गाडीत बसल्यावर स्वतःचीच कीव आली. तीन वर्षं हूडसाठी कोटेशनं, परत आलेल्या फायली, "यंदा बजेट नाही." माझाही खोकला आहेच की. तो कोण मोजतंय? पण त्याच दमात एक जुनी विद्यार्थिनी आठवली, एप्रनच्या खिशात इनहेलर ठेवणारी. तिनं पुढे केमिस्ट्री घेतली नाही. का, ते मी विचारलं नाही.

मिठी नदीच्या गाळातलं शिसं मोजायचा प्रकल्प गेल्या वर्षी मीच नको म्हटला होता. गाळ नायट्रिक ॲसिडमध्ये तापवायचा, तांबूस धूर निघणार, तो कुठे सोडायचा? आज दुपारी त्याच गाळाचे पहिले चार बीकर हूडमध्ये ठेवले. आज प्रश्न विचारणारी मुलगी काच खाली ओढून बाहेरून बघत होती. लॅबमध्ये कसलाही वास नव्हता, आणि या वेळी तो खरोखरच नव्हता. मागचं काही त्यानं पुसलं जात नाही. पण हे चार बीकर झाले.

हूड बसवणारा जाताना बजावून गेलाय, शेजारची खिडकी उघडी राहिली तर वाऱ्यानं धूर बाहेर येईल. उद्या लवकर जाऊन खिडकीवर कागद लावायचा आहे: हूड चालू असताना ही खिडकी उघडू नये. माझ्याच अक्षरात लिहीन, मोठं.