ल्युसीच्या गावाला

बफेलोहून दीडेक तासात जेम्सटाउनला पोचलो. सोबत आई. ल्युसिल बॉल, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरची विनोदी नटी ल्युसी, कोण हे तिला ठाऊक नव्हतं. पण तिच्या म्युझियममध्ये पडद्यावर चॉकलेटच्या कारखान्यातला तो प्रसंग लागला आणि ती उभ्याउभ्याच हसायला लागली. सरकता पट्टा सुसाट सुटलाय, चॉकलेटं आवरत नाहीत, मग ल्युसी ती तोंडात, टोपीत, ब्लाउजमध्ये कोंबतेय. इंग्रजीचं अक्षरही न कळता आईने डोळे पुसले.

तो प्रसंग ज्या मालिकेतला, ती 'आय लव्ह ल्युसी' सुरू झाली 15 ऑक्टोबर 1951 ला. तेव्हा टीव्हीवर बरंचसं थेट दाखवायचे. ल्युसी आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांनी मात्र समोर प्रेक्षक बसवून, तीन कॅमेरे लावून सगळं फिल्मवर घेतलं. म्हणून तर ते इतकं स्वच्छ टिकलंय.

मला खरी ओढ होती जेम्सटाउनजवळच्या सेलोरॉन गावातल्या तिच्या घराची. त्या गल्लीला आता ल्युसी लेन म्हणतात. घर खाजगी आहे, रस्त्यावरूनच पाहिलं. ती साडेतीन वर्षांची असताना वडील विषमज्वराने गेले, पुढे ती इथे आजोबांकडे वाढली. 1927 मध्ये याच अंगणात बंदूक चालवताना अपघात झाला, एका मुलाला गोळी लागून तो कायमचा लुळा झाला. आजोबांवर खटला भरला आणि घर हातचं गेलं. सोळाव्या वर्षाच्या आसपास पोरीने हे पाहिलं. माझा पाय तिथून निघेना.

न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेने तिला परत पाठवलं. हॉलिवूडमध्ये आरकेओ या चित्रपट कंपनीत ती वर्षानुवर्षं किरकोळ भूमिका करत राहिली, आणि 1957 मध्ये त्याच आरकेओचे स्टुडिओ तिच्या आणि देसीच्या 'देसीलू' कंपनीने विकत घेतले! घटस्फोटानंतर, 1962 मध्ये, तिने देसीचा हिस्साही घेतला. 'स्टार ट्रेक' ही अंतराळावरची मालिका उभी राहिली ती तिच्या या कंपनीत. लोक तिच्या विनोदापाशीच थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तलावाकाठच्या बागेत तिचे दोन पुतळे आहेत. 2009 चा लोकांना मुळीच रुचला नाही, म्हणून 2016 मध्ये दुसरा आला. आई नव्यापाशी थांबून म्हणाली, "हां, ही ती चॉकलेटवाली."

संध्याकाळी लेक व्ह्यू दफनभूमीत गेलो. ल्युसी 1989 मध्ये कॅलिफोर्नियात वारली. रक्षा आधी तिकडेच होती, नंतर मुलांनी इथे आणली.

"वडीलही इथेच का गं?" आईने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने गवताच्या कडेला बूट काढले आणि हात जोडले.