भुईमुगाची टरफलं आणि क्रोमियम: माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी भुईमुगाच्या टरफलांनी पाण्यातलं क्रोमियम काढायचा विषय घेतला. क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यात असतं ते क्रोमियम सिक्स, म्हणजे +6 ऑक्सिडेशन अवस्थेतलं क्रोमियम. ते पाण्यात सहज विरघळतं, पेशीत शिरतं आणि कर्करोगकारक म्हणून ओळखलं जातं. त्या मानाने क्रोमियम थ्री बरंच कमी विषारी. या दोन रूपांतला फरक पुढे माझ्या सगळ्या कामाला पुरून उरला.

सुरुवातीचा बराच वेळ टरफलं धुण्यात गेला. माती निघून गेली तरी पाणी तपकिरीच येत राहतं, कारण टरफलांतले टॅनिनसारखे पदार्थ सुटत असतात. ते तसेच राहू दिले तर धातू कमी होताना सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषणाचं माप) वाढतो. म्हणून गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं, ओव्हनमध्ये 105 अंशांवर वाळवलं, दळलं, चाळलं. अगदी बारीक भुकटीचा मोह होतो, कारण ती लवकर काम करते. पण फिल्टर पेपर तुंबतो आणि कॉलममध्ये, म्हणजे उभ्या नळीत, भरली तर पाणी खाली उतरतच नाही. मधल्या आकाराचा दाणा बरा.

चाचणी डायफिनाइलकार्बाझाइड या रसायनाची. क्रोमियम सिक्स असेल तर नमुना जांभळट गुलाबी होतो आणि 540 नॅनोमीटरवर रंगाची तीव्रता मोजता येते. क्रोमियम सिक्स असलेलं पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण घेतलं, पीएच 2 वर आणला, भुकटी टाकून शेकरवर ठेवलं. इतकं आम्ल का, तर क्रोमियम सिक्स पाण्यात ऋण आयनाच्या रूपात असतं आणि आम्लात टरफलाच्या पृष्ठभागावर धन प्रभार येतो, म्हणून ते ओढलं जातं. ठरावीक वेळाने काढलेल्या नमुन्यांचा रंग फिका होत गेला आणि शेवटच्या नळीत तर रंग आलाच नाही. मला फार आनंद झाला.

मार्गदर्शक मॅडमनी वही पाहिली आणि पीएचच्या रकान्यावर बोट ठेवलं. प्रयोगाच्या शेवटी तो वर सरकला होता. "आम्ल कुठे खर्च झालं? एकूण क्रोमियम मोजा," एवढंच त्या म्हणाल्या.

ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन या एकूण धातू मोजणाऱ्या यंत्रावर तेच नमुने लावले तेव्हा उलगडा झाला. पाण्यात क्रोमियम होतं, फक्त ते थ्री झालं होतं. टरफलातलं लिग्निन (त्याला कडकपणा देणारा पदार्थ) इलेक्ट्रॉन देतं, सिक्सचं थ्री होतं आणि या क्रियेत आम्ल वापरलं जातं. थ्री हा धन आयन, त्यामुळे पीएच 2 वर धनप्रभारित पृष्ठभाग त्याला जवळ करत नाही. रंगाची चाचणी फक्त सिक्स दाखवते, म्हणून पाणी स्वच्छ वाटत होतं. या विषयावरचा कुठलाही निष्कर्ष वाचताना मी आता आधी एकच बघते: एकूण क्रोमियम मोजलंय का?

मग काम दोन टप्प्यांत केलं. आधी आम्लात सिक्सचं थ्री करायचं, नंतर पीएच 5 च्या आसपास नेऊन ताज्या भुकटीवर थ्री धरायचं. तिथे टरफलाच्या पृष्ठभागावरच्या कार्बोक्सिल (आम्लधर्मी) गटांवरचा प्रोटॉन सुटलेला असतो, ते धन आयन पकडतात. याहून बराच वर नेला तर क्रोमियम हायड्रॉक्साइडचा साका बसतो आणि श्रेय टरफलाचं की अल्कलीचं हे सांगता येत नाही.

प्लेटिंगचं खरं पाणी आणलं तेव्हा आकडे उतरले. त्यात सल्फेट असतं आणि तेही ऋण आयन, त्याच जागांसाठी स्पर्धा करतं. शिवाय आधी आम्ल, मग अल्कली, म्हणजे पाण्यात क्षारांची भर. टरफलं फुकट मिळाली तरी प्रक्रिया फुकट होत नाही, हे स्पष्ट लिहायला हवं असं मला तळमळीने वाटतं. तरीही क्रोमियम सिक्सचा धोका शेतातल्या कचऱ्याने इतका खाली आणता येतो, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

राहिली वापरलेली भुकटी. ती शेतात किंवा खतात टाकायची नाही, त्यात क्रोमियम आहे. उघड्यावर जाळायचीही नाही; हवेत तापवताना, विशेषतः राख अल्कधर्मी असेल तर, थ्रीचं पुन्हा सिक्स होऊ शकतं. आमची भुकटी आम्ही बंद डब्यात, लेबल लावून घातक कचऱ्याकडे दिली.