तिरका काप, फाटका काप

काल सकाळी कोरड्या झुडपी रानात गुडघे टेकून बसले होते. समोर बोटभर उंचीचं रोप, शेंडा गायब. काप तिरका, ब्लेडने मारावा तसा साफ. म्हणजे ससा! हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते डहाळी ओढून तोडतं, त्यामुळे टोकाला सालीच्या चिंध्या लोंबतात. एवढं ओळखायलाही मला दोन उन्हाळे लागले.

कोवळं रोप बीजपत्रांच्या, म्हणजे बीतून निघणाऱ्या पहिल्या पानांच्या, खालून कुरतडलं गेलं की बहुधा संपलंच, फुटायला डोळाच, म्हणजे नवा कोंब निघायची जागाच, उरत नाही. जरा थोराड असेल तर खालच्या डोळ्यातून फुटतं, आणि तो लुसलुशीत फुटवा पुन्हा कुणाच्या तरी तोंडी जातो. असं होत होत वर्षानुवर्षं वीतभरच राहिलेलं, कात्रीने छाटल्यासारखं गच्च झुडूप दिसतं. त्याच्या उंचीवरून वय ठरवायला जाऊ नका. पसरत पसरत ते इतकं रुंद झालं की मधल्या शेंड्यापर्यंत तोंड पोचत नाही, तेव्हा कुठे तो एकदाचा वर सुटतो.

मी रोपांना जाळीचे पिंजरे लावते खरी. पण यंदाचं सगळ्यात ठणठणीत रोप सापडलं ते एका जुन्या काटेरी झुडपाच्या पोटात. मी लावलेलंही नव्हतं!