एक नंबरच्या जर्सीतला पैलवान

साऊथ आफ्रिकेचा रग्बी खेळाडू तेंडाई मटावारिराचा फोटो बघितला की आधी कान दिसतात, आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूर-कंग्राळीकडच्या जुन्या पैलवानांचे असतात ना तसेच, चुरगळून घट्ट झालेले. आमच्याकडं रग्बी कोण बघत नाही, क्रिकेट झालं, फुटबॉल झालं आणि जत्रेची कुस्ती, पण मला मनापासून वाटतं की या माणसाचं करिअर तालमीत वाढलेल्याला जितकं कळेल तितकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

तो प्रॉप. म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीत कडेचे दोघे असतात त्यातला डावीकडचा, एक नंबर. आठ जण विरुद्ध आठ जण डोकी घालून भिडतात आणि मागच्या सगळ्यांचा रेटा पुढच्या तिघांच्या मानेतून, खांद्यातून समोर जातो. एक नंबरचा डावा खांदा मोकळा असतो म्हणून तो खालून शिरून समोरच्या तीन नंबरला उचलायला बघतो, आणि त्या तीन नंबरच्या दोन्ही खांद्यांवर माणसं रेटत असतात. पाय घसरला, स्क्रम कोसळला की पेनल्टी जाऊ शकते. टीव्हीवर नुसती माणसांची गर्दी दिसते हो, खरी झटापट कंबर आणि मांड्यांत चालू असते.

मटावारिराचा जन्म १९८५ चा, हरारेचा. डर्बनच्या शार्क्स टीमकडं आला तेव्हा मागच्या फळीत पळणारा, बॉल घेऊन घुसणारा गडी होता, कोच डिक मुईरनी त्याला प्रॉप केलं. मागं मोकळं पळणाऱ्याला पुढं मान घालून रेटायला लावायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून शिकायचं आलं. तरी २००८ मध्ये वेल्सविरुद्ध तो साऊथ आफ्रिकेकडून उतरला आणि पुढच्याच वर्षी डर्बनमध्ये लायन्सविरुद्धच्या (ब्रिटन-आयर्लंडची एकत्र टीम) पहिल्या टेस्टला त्याने फिल विकरीसारख्या मुरलेल्या प्रॉपला असं काही उचललं की विकरीवर पेनल्टीमागून पेनल्टी गेल्या आणि हाफटाइमनंतर थोड्याच वेळात त्याला बाहेर काढावं लागलं. मॅच साऊथ आफ्रिकेनं २६-२१ ने घेतली. पण तिसऱ्या टेस्टला विकरी परत आला, ताठ उभा राहिला आणि लायन्सनी ती २८-९ ने घेतली, सिरीज आधीच गेली होती तरी. मला ती तिसरी टेस्ट तेवढीच आवडते, हरलेल्यानं त्याच माणसाशी परत भिडायला येणं याला छाती लागते.

२०१० मध्ये वेगळंच सुरू झालं. झिम्बाब्वेचा पासपोर्ट असलेला माणूस आमच्या टीममध्ये कसा, म्हणून साऊथ आफ्रिकेच्या क्रीडा खात्यानं आक्षेप घेतला, आणि इकडं स्टेडियममध्ये त्याच्या हातात बॉल आला की लोक त्याच्या टोपणनावानं 'बीस्ऽऽट' म्हणून ओरडत होते. त्याच वर्षी त्याला नागरिकत्व मिळालं. तू नक्की कुठला, हा प्रश्न कागदावर विचारला जातो तेव्हा पोटात काय होतं ते आम्हा सीमाभागातल्या लोकांना कुणी सांगायला नको, म्हणून हा भाग वाचताना मी जरा जास्तच थांबतो. पुढं हृदयाचे ठोके बिघडायचा त्रास झाला, उपचार झाले, परत आला.

आणि मग २ नोव्हेंबर २०१९, योकोहामा, वर्ल्ड कपची फायनल, साऊथ आफ्रिका विरुद्ध इंग्लंड, आपल्याकडं शनिवारची दुपार, अडीच वाजले होते. सुरुवातीलाच इंग्लंडचा तीन नंबर काइल सिंकलर डोक्याला लागून बाहेर गेला आणि डॅन कोलला जवळजवळ पूर्ण मॅच खेळावी लागली. आमचे काका शेजारी बसलेले, त्यांना रग्बीचा एक नियम माहीत नाही, सगळी जिंदगी आखाड्यात गेलेली. स्क्रम लागला तसं म्हणाले, "तो एक नंबरवाला खालून उचलूलालाय बघ, समोरच्याची कंबर सुटली." तेवढ्यात रेफरीची शिट्टी! कॉमेंट्रीवाल्यांच्या आधी काकांनी सांगितलं.

स्कोअर ३२-१२, साऊथ आफ्रिका जिंकली. हँड्रे पोलार्डचे २२ पॉइंट, त्यातल्या सहा पेनल्टी, आणि त्यातल्या काही स्क्रमनं मिळवून दिलेल्या. स्कोअरबोर्डवर प्रॉपचं नाव येत नाही, पण माझ्या मते मापिंपी आणि कोल्बीच्या ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडं टेकवणं) नंतरच्या, इंग्लंडचा दम आधीच पुढच्या फळीनं काढला होता. दुसऱ्या हाफमध्ये थोड्याच वेळात मटावारिराच्या जागी दुसरा प्रॉप किटशॉफ आला, तोवर त्याचं काम झालेलं.

११७ टेस्ट खेळून, चौतिसाव्या वर्षी, वर्ल्ड कप हातात घेऊन त्यानं देशाची जर्सी उतरवली. नंतर २०२० मध्ये अमेरिकेत ओल्ड ग्लोरी डीसीकडून खेळला. तालमीतल्या पोरांनी फायनलचे स्क्रम युट्यूबवर काढून बघा, बॉलकडं बघू नका, एक नंबरचे पाय बघा.