महापुरावर केस स्टडी करणाऱ्यांसाठी

आज दिवसभर लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांचे संशोधन आराखडे वाचले. बहुतेकांचा विषय 'कोल्हापूरचा महापूर : केस स्टडी'. एवढा मोठा विषय पेलत नाही रे! एकच निर्णय धरा. समजा, 2019 आणि 2021 मध्ये चिखली-आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतली माणसं हलवण्याचा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पाणी 39 ला कधी लागलं, गावात सूचना कधी पोचली, पहिलं घर कधी रिकामं झालं, या तीन वेळा एका कागदावर मांडा. मधे वेळ का गेला, तिथंच तुमचा संशोधन प्रश्न आहे.

वेळा नुसत्या मुलाखतीवरून लिहू नका. काही वर्षांनी अधिकारी आणि सरपंच दोघंही मनापासून वेगवेगळं सांगतात. नियंत्रण कक्षाच्या नोंदी, पंचनामे, ग्रामसभेचे ठराव ताडून बघा. माहिती अधिकारात उत्तराची मुदत 30 दिवस, म्हणून अर्ज सुरुवातीलाच टाका.

नुसतं 'यशस्वी' गाव निवडलं की जीव तुटतो माझा. जिथं लोक उशिरा हलले तेही गाव घ्या, नाहीतर कारण हाती लागणारच नाही. आणि तिथं गेलात की दावणीच्या जनावरांचं काय केलं, हे आधी विचारा.